खालच्या ड्रॉवरचा आवाज

“त्या ड्रावरले बोंबलू दे वं मिनल. त्याच्या नादी लागू नको.”

सासूबाई हे ऑटोत बसताना म्हणाल्या. एक पाय आत, एक बाहेर, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. मी “हो आई” म्हटलं. माझं “हो आई” म्हणजे मोबाइलवर नवीन अ‍ॅप टाकताना ‘अटी मान्य’ दाबतो ना, तसं आहे. वाचत कोण बसतं?

त्या निघाल्या होत्या कुहीला, माझ्या नणंदेकडे. प्रणालीची दुसरी खेप होती. डॉक्टरांनी सातव्या महिन्यापासून पडून राहायला सांगितलं होतं. म्हणजे बाळंतपण आणि वरचा सव्वा महिना धरून सासूबाई दिवाळी होईपर्यंत काही येत नव्हत्या. मला वाईट वाटलं. साधारण त्यांचा ऑटो मोमिनपुऱ्याच्या सिग्नलला पोचेपर्यंत वाटलं असेल. मग मी घरात जाऊन त्या कपाटासमोर उभी राहिले.

कपाट तीन ड्रॉवरचं, बुटकं, अस्सल सागवानी. आमच्या तांडापेठेतल्या घरात पूर्वी मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, दोन हातमाग होते. नऊवारी आणि साध्या किनारीची लुगडी विणायचे. माग बंद पडले, मामाजी हिंगण्याच्या कंपनीत स्टोअरमध्ये लागले (आता रिटायर), आणि मागांच्या लाकडाचं हे कपाट झालं. वरचे दोन ड्रॉवर गार्गीचे, खालचा मामाजींचा. लाकडावर लाकूड घासत चालणारे ड्रॉवर. त्यात शेजारी कूलर, त्याची ओल. वरचा मांजरीसारखा ओरडायचा, मधला ब्रेक गेलेल्या स्कूटरसारखा. आणि खालचा? इंजेक्शनची सुई दिसलेल्या पोरासारखा.

गार्गी तेव्हा आठ महिन्यांची. ही मुलगी कुकरच्या शिट्टीत झोपते. कोपऱ्यावर देवाच्या नावाने डीजे लावतात, ज्याने देवही उठून कुठेतरी गेला असेल, त्यात झोपते. पण लंगोट काढायला ड्रॉवर उघडला की टक्क जागी. आणि तिची झोप मोडली की मी आधी थर्मामीटर काढते. मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी आहे. लोकांना पाट दिसतो, मला पाटावरचे जंतू दिसतात. गार्गीने किती वाजता दूध घेतलं, किती मिनिटं झोपली, शी कोणत्या रंगाची, सगळं मी फोनमध्ये लिहून ठेवते. माझा नवरा भूपेश कारखान्यात आहे, तो म्हणतो, “इतक्या रीडिंग तं आमी बॉयलरच्या बी नाही घेत.”

तर माझं लक्ष असं. घरात माशी शिरली तर मला ती कोणत्या खिडकीतून आली ते माहीत असतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे माझी लाज जाणार आहे.

मामाजींचं एकच व्यसन, खर्रा. आमच्या नागपुरात ते काय असतं हे कोणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत टाकून घोटायचं आणि गालात धरायचं. मामाजींचं म्हणणं, मागावर दोन्ही हात गुंतलेले, दोन्ही पाय गुंतलेले, मग तोंडाने काय पाप केलं? तीस वर्षं त्यांच्या गालाला सुट्टी नव्हती. मागच्या वर्षी तोंडात आग होऊ लागली म्हणून दाताच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरी टाकून पाहिलं. गालाची आतली कातडी पांढरी आणि कडक होत चालली होती. “खर्रा आजपासून बंद,” ते म्हणाले, “नाहीतर हे तोंड उघडणं कमी कमी होत जाईल, आणि त्याच्या पुढचं काय ते मला बोलायला लावू नका.” मामाजींनी घरी येऊन आम्हाला विणकराच्या भाषेत समजावलं, “गालाले खळ लागली म्हनते डाक्टर. सूत ताठ झालं.”

त्यांनी कोराडीच्या देवीची शपथ घेतली. देवीने ती किती मनावर घेतली ठाऊक नाही, पण सासूबाईंनी घेतली. पुढच्या महिन्याभरात त्यांनी मामाजींना चार वेळा रंगेहाथ धरलं. कसं धरत हे एक कोडंच होतं. त्या गच्चीवर पापड वाळवत असायच्या, अचानक ताट टाकून जिना उतरायच्या, खोलीच्या दारात उभ्या राहून तळहात पुढे करायच्या. “काढा.” आणि मामाजी खिशातून पन्नी काढून द्यायचे, शाळेतल्या पोराने चिंच द्यावी तशी. मला हळूच म्हणायचे, “तुह्या सासूले भिंतीतून दिसते, बेटा.” शेवटी त्यांनी नाद सोडला. तोंडाची आग थांबली. आम्हाला वाटलं, संपलं.

आणि मग सासूबाई कुहीला गेल्या.

तिसऱ्याच दिवशी मी कपाटाची मोहीम काढली. खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसले तर मामाजी आले.

“काय करून राहिली वं?”

“ड्रॉवरचा आवाज बंद करते आहे, मामाजी. गार्गी उठते.”

“कोन्ता आवाज?”

मी खालचा ड्रॉवर ओढला. तो किंचाळला. मामाजींचा चेहरा जसाच्या तसा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अर्धं आयुष्य मागाच्या खटक्यात काढलेला माणूस. बोललेलं ऐकू येतं, पण बारीक, उंच आवाज त्यांच्या कानातून केव्हाच गेलेले. कुकरची शिट्टीही त्यांना दिसते तेवढीच, वाफ म्हणून.

“तुम्हाला ऐकू येत नाही? हात ठेवा इथे.”

त्यांनी कपाटावर तळवा टेकवला. मी पुन्हा ओढला. लाकूड थरथरलं आणि ते त्यांच्या हाताला कळलं.

“लयच कापते वं हे,” ते म्हणाले. मग विचारलं, “किती दूर जाते याचा आवाज?”

“स्वयंपाकघरात येतो. गच्चीवरसुद्धा येतो.”

“गच्चीवर बी?”

“हो मग. आईंना तर सगळ्यात आधी ऐकू येतो.”

मामाजी खाटेवर बसले. बराच वेळ कपाटाकडे पाहत राहिले. मला वाटलं, जुने माग आठवले असतील, डोळे भरून आले असतील. मी अगदी हळवी होऊन पंखा वाढवला.

“मंग तं याले चूप करावंच लागन, बेटा,” ते म्हणाले. “पोरीची झोप मोडते.”

आणि त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. “तेल नोको. लाकूड तेल पेते आन् फुगते. वरून धूळ धरते. चार दिवस गोड चालन, मंग असं अडकन की कुऱ्हाड लागन. आमी धोट्याले मेण घासत होतो.” धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे पळतो, आडवं सूत नेतो तो. “धोटा दिवसातून हजार वेळा पळे. कधी रडला नाही.”

खालचा ड्रॉवर त्यांनी स्वतःच रिकामा केला. “यात माह्ये किनारीचे नमुने हायेत, तुले घडी नाही जमणार.” गाठोडं बांधलं आणि छातीशी धरून आपल्या खाटेखाली ठेवलं. केवढं प्रेम कलेवर, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं.

मग आम्ही तिन्ही ड्रॉवर पूर्ण बाहेर काढले. ज्या पट्ट्यांवरून ते सरकतात त्यांवर धूळ होतीच, पण खालच्या पट्टीवर वेगळीच एक पांढरी, खरखरीत भुकटी होती. मी बी.एस्सी. मी ती चिमटीत घेऊन पाहिली आणि निदान केलं, बोरिक पावडर, झुरळांसाठी. हात साबणाने दोनदा धुतले. मामाजींनी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पट्ट्या आणि ड्रॉवरच्या खालच्या कडा घासल्या, रेषा धरून, घाई न करता. मी कोरड्या फडक्याने पुसलं. लाइट जाते तेव्हासाठी ठेवलेली मेणबत्ती घेऊन त्यांनी प्रत्येक कडेवर पाच-सहा वेळा दाबून घासली. मागच्या बाजूला, जिथे ड्रॉवर आपटतो, तिथे जुन्या घोंगडीचे दोन तुकडे चिकटवले. एक पट्टी ढिली होती तिचा खिळा ठोकला. मग ड्रॉवर आत सरकवला.

काही नाही. म्हणजे काहीच नाही. एका बोटाने ढकलला तर पाण्यात होडी जावी तसा गेला.

“ऐकू आलं का काही?” मामाजींनी विचारलं.

“काहीच नाही.”

“पाहा बरं, स्वयंपाकघरात जाऊन पाहा.”

मी गेले. त्यांनी उघडला, बंद केला. मग गच्चीवर पाठवलं. तिथूनही काही नाही. मी वरून ओरडले, “काही नाही, मामाजी!” आणि खाली हे गृहस्थ खोलीत उभे राहून गार्गीला टाळ्या वाजवायला शिकवत होते.

नमुन्यांचं गाठोडं मामाजींनी स्वतःच परत खालच्या ड्रॉवरमध्ये लावलं. गार्गी दुपारी दोन दोन तास झोपू लागली. मी त्या ड्रॉवरचा व्हिडिओ काढून आयांच्या ग्रुपवर टाकला, चाळीस बायांनी बदाम पाठवले. एकीने तर विचारलं, सासरे भाड्याने मिळतील का.

सासूबाईंचा फोन रोज यायचा. गार्गीचं विचारून झालं की, “तुहे मामाजी काय करून राहिले?”

“आराम करताहेत.”

“आन् ड्रावर? वाजते ना?”

ड्रॉवर वाजतो ना, असं काळजीने विचारणारी सासू जगात मला एकटीलाच मिळाली असेल. आता खरं सांगितलं असतं तर हात लावू नको म्हटलं होतं ना, इथून सुरू होऊन माझ्या माहेरच्या वळणापर्यंत गेलं असतं. मी म्हटलं, “वाजतो आई. खूप वाजतो.”

“वाजू दे,” त्या समाधानाने म्हणायच्या.

असं मी चार महिने खोटं बोलले. रोज.

आता ऐका मी काय काय पाहिलं, आणि काय काय नाही. आमच्या घरात सावजी जेवण. रस्सा असा की पाहुण्याच्या डोक्यातून घाम निघावा. मामाजी त्यावर वरून हिरवी मिरची खाणारे. ऑगस्टात ते म्हणाले, “तिखट जरासं कमी टाकत जा, बेटा. तू दूध पाजतेस.” सप्टेंबरात पोळी वरणात कुस्करून खाऊ लागले. ऑक्टोबरात दूध-भात. मला वाटलं, माझ्या लेक्चरचा परिणाम. मी सगळ्यांना सांगत सुटले की आमच्या घरात आता पथ्याचं जेवण असतं, सासरेबुवांनीसुद्धा मनावर घेतलंय. भूपेश एकदा म्हणाला, “बाबा काहून इतकं हळू खाऊन राहिले?” मी म्हटलं, “चावून खातात. तुझ्यासारखं गिळत नाहीत.”

नोव्हेंबरात गार्गीचा पहिला वाढदिवस आला. सासूबाई त्याच सकाळी कुहीहून परतल्या. नातू झाला होता, प्रणाली बरी होती, त्या खुशीत होत्या. संध्याकाळी शेजारची चार पोरं येणार, म्हणून दुपारी आम्ही हॉलमध्ये फुगे घेऊन बसलो. मामाजी फुगे फुगवण्यात वस्ताद. गणपतीत मोहल्ल्याचे फुगे तेच फुगवायचे.

त्यांनी लाल फुगा तोंडाला लावला. फुंकलं. फुग्यात काही गेलं नाही, ओठांच्या कोपऱ्यातून फुस्स झालं. पुन्हा लावला. पुन्हा फुस्स. गार्गीला वाटलं आजोबा गंमत करताहेत, ती खदखदून हसली.

सासूबाई दारात बसून पुऱ्यांचं पीठ मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

“अवो. फुगवा ना.”

“दम नाही राहिला आता,” मामाजी म्हणाले.

“दम नाही का गाल नाही?”

मामाजी फुग्याकडे पाहू लागले. सासूबाई उठल्या, कणकेच्या हातानेच खोलीत गेल्या. मी गार्गीला उचलून मागे गेले. त्यांनी खालच्या ड्रॉवरला एक बोट लावलं. तो उघडला. त्यांनी बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. लाइट गेल्यावर आपण उगाच बटण दाबून पाहतो तसं.

मग माझ्याकडे वळल्या. “तू तं फोनवर म्हने वाजते.”

मी गार्गीची टोपी नीट केली.

त्यांनी नमुन्यांच्या घड्यांखाली हात घातला आणि पन्न्या बाहेर काढल्या. एक, दोन, पाच, सात. सातवीतला खर्रा अजून ओलसर होता.

“रांगोळी कोनं पुसली?” त्यांनी विचारलं.

“कसली रांगोळी?”

“मी दर शनवारी पट्टीवर चिमूटभर रांगोळी टाको. चांगलं ओरडावं म्हून.”

बोरिक पावडर! माझं बी.एस्सी. त्या क्षणी रद्द करायला हवं होतं विद्यापीठाने.

“मग मला सांगायचं ना आई, असं आहे म्हणून!”

“ऑटोत काय सांगू? हे बाजूले उभे होते. आन् तुले सांगितलं असतं तं तू त्या चाळीस बायांले सांगितलं असतं.”

एवढ्यात मामाजी दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी पन्न्यांकडे पाहिलं नाही. बायकोकडे पाहिलं. “म्हंजे माहा अंदाज बरोबर होता. तुले भिंतीतून दिसत नव्हतं.”

“दिसायले मी का देवी हावो?” सासूबाई ओरडल्या. “ऐकू येत होतं मले! तुमचे कान गेले, माह्ये नाही गेले ना!”

मामाजींना हसू आलं. हसायला तोंड उघडलं, आणि ते तिथेच अडलं. अर्ध्यावर. हसू डोळ्यांत राहिलं, तोंडात मावेना. मी इतक्या जवळून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मागच्या वर्षी डॉक्टरांनी दिलेला कागद मला आठवला. त्यावर उभ्या तीन बोटांचं एक चित्र होतं, निदान तेवढं तोंड उघडायला हवं म्हणून.

“मामाजी, तुमची तीन बोटं अशी उभी एकावर एक धरा,” मी म्हटलं. “आणि समोरच्या दातांमध्ये घाला.”

“काहून?”

“घाला ना.”

त्यांनी घातली. नीट गेली. सासूबाईंनी श्वास सोडला. पण त्यांनी बोटं आडवी घातली होती, चपटी.

“आडवी नाही, उभी.”

ते म्हणाले, “पोरीपुढे काय तमाशा लावला.” मी तशीच उभी राहिले. त्यांनी हात फिरवला. एक बोट गेलं. दुसरं गेलं, रेटून. तिसरं दातावर टेकलं आणि बाहेरच राहिलं. त्यांनी जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, तरी नाही.

सासूबाईंनी त्यांचा हात धरून खाली घेतला. त्यांच्या बोटांवर कणीक लागली. मी लग्न होऊन आल्यापासून त्या न बोलता राहिलेल्या मी तेव्हाच पाहिल्या, आणि मला ते ड्रॉवरच्या कोणत्याही आवाजापेक्षा सहन होईना.

वाढदिवस झाला. पोरं आली, केक कापला, फुगे भूपेशने फुगवले. मामाजींनी केकचं क्रीम चाटून खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना दातांच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. गालातला लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस.

त्या आठ दिवसांत मी माझा फोन उघडून बसायचे. गार्गीच्या चार महिन्यांच्या सगळ्या शी तारखेवार होत्या. हिरवी, पिवळी, जरा पातळ. मामाजींनी मिरची कधी सोडली, त्याची नोंद नव्हती. डॉक्टरांनी तेच विचारलं होतं आणि मी तोंड वासून उभी राहिले. माझं वासलं जातं.

सासूबाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “मी बी चूकच केली म्हना. बुढ्यावर ड्रावर बसवून ठेवला पाहरेकरी. तोंड पाहायचं सोडून.”

“खोटं तर मी बोलले, आई.”

“तं बोललीस. लय बोललीस.” आणि निवडलेली मेथी माझ्याकडे सरकवली, “धू हे.”

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. “अजून नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि “अजून” हा शब्द त्यांनी मामाजींच्या डोळ्यांत पाहून म्हटला. गालात ताठ पट्टे तयार झालेत, ते पूर्ण जात नाहीत, पण खर्रा खरंच सुटला तर वाढणं थांबू शकतं. गोळ्या, इंजेक्शनं, आणि एक व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दातांत धरायचा आणि जमेल तशी एक एक काडी वाढवायची.

मामाजी काही साधू झालेले नाहीत. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला, डॉक्टरांना आणि आइस्क्रीमवाल्याला शिव्या दिल्या. बडीशेप चावतात आणि तिला “गाईचा चारा” म्हणतात. सासूबाई रांगोळीचा डबा घेऊन कपाटाकडे निघाल्या होत्या, तेव्हा मामाजींनीच अडवलं. “राहू दे वं, भुप्याची माय. त्याले ओरडायले लावून काय होते? मी ठेल्यावर जाऊन खाईन तं तुले घरी काय ऐकू येन?” सासूबाई म्हणाल्या, “मंग करू काय मी?” ते म्हणाले, “पाहत जा.”

आता रोज संध्याकाळी सहाला ते खिडकीच्या उजेडात बसतात आणि तोंड उघडतात. समोर गार्गी, तीही उघडते, तिला वाटतं खेळ आहे. सासूबाई चष्मा लावून आत पाहतात, जणू विहिरीत पडलेली बादली शोधताहेत. मी काड्या मोजते आणि फोनमध्ये लिहिते. चौदावर सुरुवात केली होती, काल सतरा गेल्या. मधे एक आठवडा पंधरावर अडकलो होतो, तेव्हा घरात कोणी धड जेवलं नाही. भूपेशची बोटंही मी घालून पाहिली. त्याची तीन जातात, पण त्याच्या शर्टाच्या खिशाला मला परवा सुपारीचा वास आला. आमची त्यावर चर्चा चालू आहे, घरातल्या कपबश्या जरा कमी झाल्या आहेत.

तुम्हाला एक विचारते. तुमच्या घरात कोणीतरी असेल. वडील, काका, दीर, नवरा, नाहीतर दुपारी गालात मिश्री धरून बसणारी आत्या. अलीकडे जेवण फिकं मागत असेल, पोळी वरणात बुडवून खात असेल, शीळ घालायची थांबली असेल, आणि तुम्हाला वाटत असेल की वय झालं. आज जेवायला बसायच्या आधी त्यांच्यासमोर जा. तोंड उघडायला सांगा. त्यांचीच तीन बोटं, उभी. ते हसण्यावारी नेतील, रागावतील, आडवी घालून दाखवतील. तुम्ही उठू नका. दोनच गेली तर उद्या सकाळी त्यांना घेऊन दवाखान्यात जा. आणि तीनही गेली, तरी पुढच्या महिन्यात परत पाहा.